पालवी म्हणजे पुनरुत्थान नव्हे

मार्च संपता संपता घाट उतरायला लागलं की कुसुमाचं झाड लांबूनच ओळखू येतं. डोंगर वाळल्या गवताने पिवळा पडलेला, वहाळ आटलेले आणि मध्येच हे एक झाड घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं लाल. ती फुलं नसतात, कोवळी पानं असतात. पाऊस अजून दोन-सव्वादोन महिने लांब आहे. मग या पानांना पाणी मिळालं कुठून?

जुनी पानं गळाली की पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचतं. मुळं खोलवरून ओढतात ते थोडंथोडकं पाणी खोडात साठत जातं, खोड पुन्हा भरतं आणि तेवढ्या शिलकीवर डोळे फुटतात. हिरवं द्रव्य मागाहून तयार होतं, तोवर अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची लाली दिसत राहते. म्हणजे पानगळ आणि पालवी या एकाच हिशेबाच्या दोन बाजू. झाड मेलेलं कधी नव्हतंच.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवायचं, कारण ईस्टरबद्दल बोलताना नेमकी तिथेच गल्लत होते. ‘वसंतात निसर्ग पुन्हा जिवंत होतो, तसा प्रभू येशू पुन्हा जिवंत झाला’ हे वाक्य शुभेच्छापत्रांत असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर असतं, कधी प्रवचनातही डोकावतं. ऐकायला गोड आहे. पण वसंत दरवर्षी न चुकता येतो, त्यात कुणाला धक्का बसत नाही. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, मात्र कबरीपाशी पोचलेल्या बायका घाबरून पळतात आणि शिष्यांना त्यांचं बोलणं वायफळ वाटतं. ऋतू बदलल्याची बातमी ऐकून माणसं अशी वागत नाहीत.

तरीही हा सण वसंतातच येतो आणि त्याच्या विधीत आग, पाणी, मेण, धान्य अशा वस्तू भरलेल्या आहेत. तेव्हा निसर्गाचा संबंध आहेच. तो कसा आहे, हे वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर नीट उलगडतं.

कुठला वसंत?

पॅलेस्टाइनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. म्हणून तिथला वसंत हा पावसाने भिजलेल्या जमिनीचा वसंत. डोंगर हिरवे, रानफुलं उमललेली आणि जव कापणीला आलेलं. यहुद्यांचा वल्हांडण, म्हणजे पेसाख, याच दिवसांत येतो. त्या सणात जवाच्या पहिल्या कापणीची पेंढी देवळात अर्पण करायची आणि तिथून पन्नास दिवस मोजत गव्हाच्या सुगीपर्यंत जायचं, अशी रीत होती. संत पौल या पहिल्या पिढीतल्या प्रचारकाने उठलेल्या ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हटलं ते याच पेंढीवरून. पहिली पेंढी घरी आली याचा अर्थ शेतात अजून पीक उभं आहे. एकाचं उठणं ही सगळ्यांच्या उठण्याची सुरुवात, असा त्याचा रोख आहे. ‘प्रथमफळ’ या शब्दाला केवळ पहिला नंबर समजलं तर अर्ध्याहून अधिक अर्थ निसटतो.

कोकणात तेव्हा काय असतं? भाताची खाचरं भेगाळलेली. शेतकरी राब भाजतोय: कवळ, पातेरा, शेण आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून आग लावायची आणि त्या भाजलेल्या जमिनीत जूनमध्ये रोपं टाकायची. बागेत काजूची बोंडं लाल-पिवळी झालेली, हापूसची काढणी सुरू. हिरवळ म्हणावी अशी जमिनीवर नाहीच. आपल्याकडे जमीन जागी होते ती मृगात.

त्यामुळे बर्फ वितळून फुलं उमलल्याची युरोपी ईस्टरची चित्रं इथे परकी वाटतात, आणि त्यात काही चूक नाही. उलट कोकणातला माणूस या विषयाच्या मुळाशी लवकर पोचू शकतो. कारण जुन्या सेमेटिक (यहुदी, ख्रिस्ती, इस्लामी) धर्मपरंपरांत मेलेल्यांच्या उठण्याची खूण म्हणून फुलांपेक्षा पाऊसच जास्त वेळा येतो.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला ज्यांचे पूर्वज लागले असं मानतात ते बेने इस्रायल यहुदी, म्हणजे गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आपले ‘शनिवार तेली’, त्यांच्या रोजच्या मुख्य प्रार्थनेचा दुसरा आशीर्वाद ‘मेलेल्यांना जिवंत करणारा’ अशी देवाची स्तुती करतो. पावसाळ्याच्या महिन्यांत त्याच आशीर्वादात ‘वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा’ हे शब्द घालतात, आणि वल्हांडणाच्या पहिल्या दिवशी ते काढून दवासाठी प्रार्थना करतात. पाऊस आणि पुनरुत्थान एकाच वाक्यात. (या समाजाने सणांना दिलेली मराठी नावं मोठी गमतीची आहेत. पुरिम हा ‘होळीचा सण’ आणि वल्हांडण हा ‘अनाशी ढाकाचा सण’. आंबट कालवणाचं मडकं त्या आठवड्यात झाकून ठेवायचं, कारण आंबवलेलं काही चालत नाही.) किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान ज्या कुराणाचं पठण करतात त्यातही हाच दाखला पुन्हा पुन्हा येतो: कोरडी पडलेली जमीन देव पावसाने जिवंत करतो, तसाच तो मेलेल्यांना उठवील. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये जी वाचनं होतात त्यांतलं पाचवं, यशयाच्या पुस्तकातलं, सांगतं की आकाशातून उतरलेला पाऊस जमिनीला भिजवून पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर दिल्याशिवाय परत फिरत नाही, तसंच देवाचं वचन.

या सगळ्या दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. जमीन स्वतःहून जिवंत होत नाही. पाणी वरून यावं लागतं. पालवीचा दाखला इथेच अपुरा पडतो: झाडाची ताकद झाडात शिल्लक असते, मेलेल्यात काही शिल्लक नसतं.

पंचांगात ईस्टर शोधायचा कसा

ही तारीख दरवर्षी का हलते, हे कोकणात समजावणं सोपं आहे, कारण घरोघरी कालनिर्णय टांगलेलं असतं. नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची आणि तिच्यानंतरचा रविवार धरायचा. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या पट्ट्यातच पडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर शिमग्याची पौर्णिमा २१ मार्चनंतर आली तर ईस्टर शिमग्यापाठोपाठ, नाहीतर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेपाठोपाठ. २०२४ मध्ये होळीची पौर्णिमा २५ मार्चला होती, ईस्टर ३१ मार्चला आला. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला.

हा हिशेब बहुतेक वेळा जमतो आणि मग एखाद्या वर्षी फसतो. २०२५ मध्ये हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला होती. त्यावरून ईस्टर १३ ला यायला हवा होता, पण तो आला २० ला. कारण चर्च आकाशातला चंद्र पाहत नाही, एकोणीस वर्षांच्या चक्रावर बांधलेलं कोष्टक पाहतं. त्या कोष्टकात पौर्णिमा १३ एप्रिलला, म्हणजे रविवारीच होती, आणि पौर्णिमा रविवारी आली तर पुढचा रविवार धरतात. २०१९ मध्ये तर महिन्याचा फरक पडला. रंग खेळले गेले २१ मार्चला, म्हणून ईस्टर २४ ला असं कुणालाही वाटेल. कोष्टकातली पौर्णिमा मात्र २० मार्चलाच होऊन गेली होती, म्हणून ईस्टर गेला २१ एप्रिलवर.

एकदा ईस्टर कळला की मागे मोजायचं. शेहेचाळीस दिवस मागे राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत.

उठणं म्हणजे नेमकं काय

मराठीत तीन शब्द एकमेकांत मिसळतात, ते वेगळे काढले की अर्धं काम झालं.

पुनर्जन्म म्हणजे आत्म्याने दुसरा देह घेणं. जुना देह संपला, नवी ओळख आली. पुनर्जीवन म्हणजे मेलेला माणूस तोच देह घेऊन पुन्हा याच आयुष्यात परतणं. बायबलमधला लाजरस असा परतला. चार दिवस कबरीत होता, येशूने हाक मारली, बाहेर आला. पण तो पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते आणि इतरांना ते सोडावे लागले, हा तपशील शुभवर्तमानकार योहान मुद्दाम देतो. येशूच्या कबरीत मात्र तागाची वस्त्रं तशीच पडलेली आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला सापडतो. ज्याला पुन्हा मरायचंय त्याला ती वस्त्रं पुन्हा लागतील, दुसऱ्याला लागणार नाहीत.

हे तिसरं, पुनरुत्थान. देह तोच, ओळख तीच, पण मरण मागे टाकलेलं. पुढे चालू राहिलेलं जुनं आयुष्य असं त्याला म्हणता येत नाही. म्हणूनच शुभवर्तमानांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार घडते: जवळची माणसं त्याला ओळखत नाहीत. मग्दालाची मरिया त्याला बागेचा माळी समजते आणि तिला तो ओळखू येतो तो नावाने हाक मारल्यावर. तिबिर्याच्या सरोवरावर रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिष्यांना काठावर कुणीतरी उभं दिसतं, तेव्हा तेही ओळखत नाहीत. तो सांगतो, होडीच्या उजव्या बाजूला जाळं टाका. एकशेत्रेपन्न मोठे मासे लागतात, जाळं फाटत नाही, आणि काठावर येऊन पाहतात तर निखाऱ्यांवर मासळी भाजत ठेवलेली, शेजारी भाकर. किनाऱ्यावरच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. पण त्याचं तिथे असण्याचं कारण सांगावं लागतं: भुतं जेवत नाहीत. शिष्यांना भास झाला, आत्मा दिसला, आठवण आली असं कुणी म्हणू नये म्हणून शुभवर्तमानकार मासळी मध्ये आणतात. लूकच्या शुभवर्तमानातही तो भाजलेल्या माशाचा तुकडा मागून सगळ्यांसमोर खातो.

आणि जखमा. उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत आणि थोमाला तो त्यांतच बोट घालायला सांगतो. नव्याने सुरुवात म्हणजे पाटी कोरी, असं आपण सहज म्हणतो. इथे पाटी कोरी नाही. जे झालं ते पुसलं गेलेलं नाही, फक्त त्याची सत्ता संपली आहे. वसंताचा दाखला इथे दुसऱ्यांदा अपुरा पडतो, कारण नव्या पानावर जुन्या पानाचा ओरखडा नसतो. दाखलाच हवा तर खोडाचा घ्यावा. कोयतीचा घाव बसलेल्या फणसाला पालवी फुटते तेव्हा घाव जागच्या जागीच असतो.

आता दाण्याचा दाखला. ‘गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो’ असं येशू योहानाच्या शुभवर्तमानात म्हणतो. भात लावणारा इथे अडतो, आणि अडलंच पाहिजे. मेलेलं बियाणं उगवत नाही. म्हणूनच तर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओततात, तरंगलेलं पोचट काढून टाकतात, तळाला बसलेलं दोन-तीनदा धुऊन घेतात. रहू करायचा, म्हणजे मोड आलेलं बी पेरायचं असेल तर ते दिवसभर भिजवून गोणपाटात दडपून ठेवतात, की दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. यात मरतं कोण? दाण्यातला साठा. अंकुर त्याच्यावरच वाढतो, आणि रोप उपटून पाहिलं तर तळाशी नुसतं रिकामं टरफल चिकटलेलं असतं. दाणा दाणा म्हणून उरत नाही, हा त्या वचनाचा अर्थ. पौलानेही करिंथकरांना लिहिताना जोर इथेच दिला आहे: तू पेरतोस तो पुढे होणारा देह नसतो, नुसता दाणा असतो. बी आणि रोप एकच आहेत आणि तरी सारखे नाहीत. वनस्पतिशास्त्र म्हणून तो दाखला तपासत बसू नये, पण शेतातून तो खरा आहे.

पास्काची रात्र

हे सगळं डोक्यात ठेवून ईस्टरच्या, म्हणजे चर्चच्या भाषेत पास्काच्या, आदल्या शनिवारी रात्री चर्चच्या आवारात जायचं. प्रवचन समजलं नाही तरी चालेल, ही रात्र वस्तूंच्या भाषेत बोलते. पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो: अंधार, आग, ऐकणं, पाणी आणि शेवटी जेवण.

अंधार पुरता हवा. विधी रात्र पडल्यावर सुरू व्हायला पाहिजे आणि रविवारी उजाडायच्या आत संपायला पाहिजे, असा नियम आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वसईला सूर्य सातच्या जरासा आधी मावळतो, पण आकाश काळं व्हायला पावणेआठ तरी होतात. लहान मुलांची सोय म्हणून सात वाजता सुरू केलं तर उजेडात मेणबत्ती मिरवल्यासारखं होतं. तसंही झालेलं आहे. कित्येक शतकं हा विधी शनिवारी सकाळी, भर उन्हात आणि जवळपास रिकाम्या चर्चमध्ये उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून तो पुन्हा रात्री नेला आणि १९५५ च्या सुधारणेने ते कायम झालं.

नवी आग चर्चबाहेर पेटवतात. नारळाच्या सुक्या झावळ्या हाताशी असतात म्हणून त्याच ढीगभर घालण्याचा मोह होतो. झावळी भडकन पेटते, ठिणग्या उडवते आणि दोन मिनिटांत विझते. संध्याकाळी समुद्रावरून वारा चालू असेल तर त्या ठिणग्या मांडवावर जातात. सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, धूर डोळ्यांत जातो. करवंट्या उत्तम: धूर कमी, निखारा टिकाऊ. खाली थोडी चिपाडं, वर करवंट्या, बाजूला पाण्याची बादली.

मग पास्काची मेणबत्ती. ती मेणाची असावी, एकच असावी, चांगली मोठी असावी आणि दरवर्षी नवी असावी. प्लास्टिकच्या नळीत तेल भरून मेणबत्तीचा आभास करणारी तयारी बाजारात मिळते, ती या रात्रीला चालत नाही. कारण साधं आहे: या मेणबत्तीचा अर्थच जळून कमी होण्यात आहे आणि नळी कधीच कमी होत नाही. धर्मगुरू तिच्यावर क्रूस कोरतात, वर ग्रीक लिपीतलं पहिलं अक्षर आल्फा, खाली शेवटचं ओमेगा आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. एकदाच घडलेल्या गोष्टीवर या वर्षाची तारीख का? कारण ती रात्र नुसतं स्मरण मानत नाही, आज म्हणते. नंतर धूपाचे पाच खडे क्रूसाच्या आकारात टोचतात. पाच जखमा. व्रणांचा मुद्दा इथे हाताला लागतो.

मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये शिरते आणि तीनदा घोषणा होते, ‘ख्रिस्ताचा प्रकाश’. दुसऱ्या घोषणेनंतर लोकांच्या मेणबत्त्या तिच्यावरून पेटतात. इथे दरवर्षी साड्या आणि झब्बे मेणाने माखतात आणि चूक नेहमी तीच असते: लोक पेटलेली मेणबत्ती वाकवतात. पेटलेली सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करून तिच्या ज्योतीला लावायची. खाली कागदाची वाटी हवी, पुठ्ठ्याची नुसती चकती पुरत नाही. आणि स्विचबोर्डापाशी जो कुणी उभा असेल त्याला आधी नीट सांगून ठेवायचं. ट्यूबलाइट तिसऱ्या घोषणेच्या आधी लागली की रात्र संपलीच. आल्टरवरच्या, म्हणजे वेदीवरच्या, मेणबत्त्या त्याहून उशिरा, ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी लागतात.

त्यानंतर पास्काची स्तुती गायली जाते. तिच्यात मधमाश्यांचे आभार आहेत, कारण मेण त्यांचं. आदामाच्या पापाला ‘धन्य अपराध’ म्हणण्याइतकं धाडसही त्यात आहे.

वाचनं एकूण नऊ: जुन्या करारातली सात, मग पौलाचं पत्र आणि शुभवर्तमान. वेळ वाचवायला जुन्या करारातली कमी करता येतात, पण तीनच्या खाली जाऊ नये आणि निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातलं, समुद्र दुभंगल्याचं, कधीच गाळता येत नाही. लोक कंटाळतात ते या भागात. पण हा भाग म्हणजे अंधारात बसून आठवत राहणं आहे, जसं मयताच्या घरी रात्रभर जुन्या गोष्टी निघतात तसं. सातवं वाचन यहेज्केलचं, दगडाचं काळीज काढून मांसाचं काळीज देण्याचं. मग ग्लोरिया, आणि गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा वाजतात. राखेच्या बुधवारपासून न उच्चारलेला ‘आलेलुया’ हा शब्द त्यानंतर परत येतो. एखादा शब्द सहा आठवडे न वापरणं हाही उपास आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड.

पाणी हा या रात्रीचा गाभा. मेणबत्तीचं खालचं टोक पाण्यात बुडवतात, पाणी आशीर्वादित होतं, कुणाचा बाप्तिस्मा असेल तर तो होतो. बाप्तिस्मा म्हणजे अंघोळ घालून शुद्ध करणं एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पौलाने रोमकरांना लिहिलं ते जास्त कडक आहे: बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. पाण्याखाली जाणं हे बुडणं आहे. ज्यांच्या घरचं कुणी समुद्रावर जातं त्यांना पाण्याचं हे दुसरं तोंड ठाऊक असतं, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको.

ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालाय ते हातात पेटती मेणबत्ती धरून जुनी वचनं पुन्हा देतात. सैतानाचा त्याग करता का, पापाचा मोह सोडता का, या प्रश्नांना ‘होय’ म्हणायचं. नव्याने उठण्याचा माणसाच्या वाट्याचा भाग एवढाच आहे, आणि तो ‘नाही’ ने सुरू होतो: आधी सोडायचं, मग मानायचं. एका दमात सगळ्यांनी ‘होय’ म्हणून टाकलं की त्याला अर्थ उरत नाही, म्हणून उत्तरांमध्ये धर्मगुरूंनी श्वासभर थांबावं.

जेवण म्हणजे ख्रिस्तप्रसाद, आणि घरी गेल्यावर दुसरं. अंड्याची रीत इथलीच: पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नसत, म्हणून सणाला अंडी मुबलक. बंद कबरीची खूण हा अर्थही त्याला चिकटला. रंग घरीच करायचा तर आठ-दहा लाल कांद्यांच्या सुक्या साली लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळाव्यात, दोन चमचे व्हिनेगर घालावं आणि त्यात पांढरी अंडी दहा-बारा मिनिटं शिजवून तशीच निवू द्यावीत. विटकरी लाल रंग येतो. त्या दिवसांत अलिबागचा पांढरा कांदा घराघरात असतो, पण त्याच्या सालीचा इथे काही उपयोग नाही.

होमाची राख आणि कामदेव

याच महिन्यात आपल्याकडे शिमग्याचा होम पेटतो. आंबा, सुरमाड किंवा पोफळ वाजतगाजत आणून उभी करतात, गाऱ्हाणं घालतात, ‘व्हय म्हाराजा’चा गजर होतो, होमाची राख कपाळाला लावतात आणि ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आग, राख, पौर्णिमा. सारखेपणा डोळ्यांत भरतो आणि ‘सगळं एकच’ म्हणण्याची घाई होते. ती करू नये, कारण दोन्हींचं काहीतरी हरवतं. शिमग्यात देव देवळातून उठून माणसाच्या दारात येतो आणि गाव म्हणून सगळ्यांचं वर्षाचं राखण मागितलं जातं. पास्काच्या रात्री माणसं घर सोडून अंधारात एका ज्योतीमागे चालतात.

तुलना करायचीच तर कामदहनाशी करावी, ती जास्त बोलकी आहे. शिवाने तिसऱ्या डोळ्याने मदनाला जाळलं, त्याचा सखा वसंत मागे राहिला, रतीने आक्रोश केला. मदनाला परत मिळालं ते देहाशिवाय असणं. म्हणून तो अनंग. पुढे कृष्ण-रुक्मिणीचा मुलगा प्रद्युम्न म्हणून त्याला नवा देह मिळाला. म्हणजे आधी देहावाचून, मग दुसऱ्या देहात. काठावर मासळी भाजणाऱ्या, हातावर व्रण असलेल्या माणसाची गोष्ट याच जागी वेगळी वाट धरते. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रत्येकीचं म्हणणं स्पष्ट ऐकू येतं.

पन्नास दिवस

ईस्टरच्या सोमवारी सण संपला असं धरतात, ते बरोबर नाही. ईस्टरचा रविवार धरून पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा, तोवर पास्काची मेणबत्ती आल्टरजवळ उभी राहते. २०२५ मध्ये पेंटेकॉस्ट ८ जूनला आला, ऐन मृगाच्या तोंडावर. दरवर्षी असं जुळत नाही. २०२६ मध्ये तो २४ मेलाच आहे. पण हा काळ कोकणात आभाळाकडे बघत काढायचाच काळ असतो. भाजलेला राब तयार, बियाणं कणगीत, आणि पाणी आपल्या हातात नाही. उठलेल्या प्रभूने शिष्यांना सांगितलेलं कामही तेच होतं: यरुशलेम सोडू नका, वाट बघा.

पेंटेकॉस्टनंतर मेणबत्ती बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ जाते. तिथून ती दोन वेळा निघते, कुणाच्या बाप्तिस्म्याला आणि कुणाची शवपेटी चर्चमध्ये आली की तिच्या शेजारी. बाळ आणि मयत, दोघांपाशी तीच ज्योत.

घरात उरते ती झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित झालेली झावळी. ती क्रूसामागे खोचलेली असते आणि पुढच्या राखेच्या बुधवारी तिचीच राख कपाळाला लागते. लोखंडी कढईत ती कोळशासारखी काळी होईपर्यंत जाळून, खलून, मलमलच्या फडक्यातून चाळतात. राखेत पाणी घातलं की क्षार सुटून कपाळ चरचरतं, त्यापेक्षा तेलाचे दोन थेंब बरे. मात्र किनाऱ्यावरच्या दमट हवेत झावळीला आषाढातच बुरशी धरते. म्हणून पावसाआधी ती भिंतीवरून काढून, कडक उन्हात दोन दिवस वाळवून, कागदात गुंडाळून चुलीवरच्या माळ्यावर ठेवावी. नाहीतर फेब्रुवारीत नुसता धूर होतो, राख होत नाही.